बागेतली रेल्वे : रूळ का उचलतो, डोंगर का तडकतो

(बागेत धावणाऱ्या छोट्या मॉडेल रेल्वेसाठी आमच्याकडून डोंगर, पूल, स्टेशन नेलेल्या आणि नेणार असलेल्या ग्राहकांसाठी)

पहिला दमदार पाऊस झाला की आमचा फोन थांबत नाही. "भाऊ, गाडी वळणावर उतरते." "बोगद्याच्या तोंडाला तडा गेलाय." संशय आधी इंजिनावर जातो, मग आमच्या सिमेंटवर. जागेवर जाऊन पाहिलं की कारण बहुतेक वेळा एकच निघतं : काळी माती.

आपली खान्देशची काळी माती कपाशीला, केळीला चांगली, पण रुळाला घातक. पाणी प्याली की फुगते, एप्रिल-मेमध्ये आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. म्हणून रुळाच्या पट्ट्यातली माती आम्ही फूटभर काढून टाकतो. तळाला जिओटेक्सटाइल कापड (पाणी जाऊ देतं, माती अडवतं), त्यावर तीन-तीन इंचांच्या थरांनी मुरूम, आणि प्रत्येक थर पाणी मारून धुम्मसाने चोपायचा. "छोट्याशा गाडीला एवढा पाया कशाला?" असं अनेकजण विचारतात. गाडी हलकीच आहे, पाया तिच्या वजनासाठी नाहीच. खालची जमीन हलते, तिच्यासाठी आहे. मुरमाचा खर्च आम्ही कमी करत नाही, तो यामुळेच.

खरी गडबड आम्ही निघून गेल्यावर होते. झाडं जोमात यावीत म्हणून माळीदादा शेणखत मिसळलेली काळी माती थेट रुळाला भिडवतात. दिसायला छान दिसतं. पावसात तीच माती वाहून रुळाखालच्या खडीत शिरते, खडीच्या फटी बुजतात, पाणी तुंबतं. स्लीपरखाली, म्हणजे रुळाखालच्या आडव्या पट्ट्यांखाली, मातीचा थर साचतो, तो फुगला की रूळ एका बाजूने उचलला जातो. एका बाजूला दोन मिलिमीटरचा फरकही वळणावर डबा उतरवायला पुरतो. मग सगळा रूळ उचलून खडी चाळावी लागते. आपला आणि आमचा अख्खा दिवस जातो, आणि हे काम वॉरंटीत बसत नाही.

तेव्हा रुळाच्या दोन्ही बाजूंना वीतभर पट्टा निव्वळ मुरमाचा ठेवा. त्याच्या आत झाड हवंच असेल, तर बुडाला भोक असलेल्या कुंडीसकट पुरा. माती कुंडीतच राहते, मुळंही. नर्सरीत जेड म्हणून मिळणारं झाड यासाठी उत्तम. पान बारीक, ऊन सोसतं, आणि कात्री लावत राहिलं की बुंधा जाड होऊन मोठ्या झाडासारखं दिसतं. मधुकामिनीही छाटणीला चांगली. लॉन मात्र टाळा. दोन पट्ट्यांत 45 मिलिमीटर अंतर असलेल्या रुळाशेजारी ते ऊसाच्या फडासारखं दिसतं.

प्रमाणाचंही थोडं पाहा. बहुतेकांकडच्या गाड्या 1:22.5 प्रमाणाच्या, म्हणजे खऱ्या गाडीच्या साडेबावीस पट लहान आहेत. त्यात साडेपाच फुटी माणूस साधारण साडेसात सेंटिमीटरचा होतो आणि चाळीस फुटी कडुनिंब अर्ध्या मीटरहून थोडा उंच. बाजारातली दोन इंची बाहुली फलाटावर उभी केली की स्टेशनच खोटं वाटतं. खडीही दोन-तीन मिलिमीटरची, क्रशरची, कोनदार घ्या. नदीची गोल वाळू घरंगळते.

डोंगर करताना अजिंठ्याची रांग डोळ्यांसमोर आणा. आपला काळा दगड आडव्या थरांनी बसलेला आहे : सपाट माथा, खाली कडा, मग उतार, पुन्हा कडा. टोकदार सुळका करून त्यावर दगड उभे रोवले, तर कितीही रंगवा, आपल्याकडचा वाटणार नाही. पीओपी उघड्यावर अजिबात चालत नाही, पाण्याने भुसभुशीत होतो. आमचे डोंगर जाळीवर सिमेंटचे असतात आणि दगडाचे थर हाताने कोरलेले असतात. वजन जास्त, भाव जास्त, पण पावसाळ्यात ताडपत्री लागत नाही.

आणखी एक : खडी हलू नये म्हणून रूळ सिमेंटमध्ये पक्का करू नका. दहा मीटरचा पितळी रूळ हिवाळ्यातल्या पहाटेपासून मेमधल्या दुपारपर्यंत आठ-नऊ मिलिमीटर लांबतो. त्याला सरकायला जागा नसेल, तर तो वाकतो.

पाचोरा–जामनेरच्या नॅरोगेजची आठवण असणारे बरेच जण तशाच थाटाचं स्टेशन मागतात. काळ्या दगडाच्या भिंती, मंगलोरी कौलं, पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं. ते आम्ही आपल्या गावाच्या नावासह करून देतो.

नवीन काम दिवाळीनंतर घेतो, जमीन वाफशावर आल्यावर. मापं घ्यायला बोलावण्याआधी बागेत पाणी कुठे साचतं त्याचा पावसातला फोटो काढून ठेवा. जुन्या कामाची तक्रार असेल, तर रुळाच्या कडेची माती बोटभर बाजूला करून तिचा जवळून फोटो पाठवा. आम्ही यायच्या आधीच निम्मं काम होतं.