प्रश्न विचारायची सोय

सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत पंधरा मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असतील तिथे निदान एक पात्र समुपदेशक हवा आणि मदतीचे फोन नंबर वर्गात, वसतिगृहात, सगळ्यांना वाचता येतील अशा मोठ्या अक्षरांत लावलेले हवेत, असं त्यांत आहे. दरवर्षी सॅक आणि गादी घेऊन शेकडो मुलं ज्या शहरात उतरतात, त्या पुण्यात ही बातमी चहाच्या टपरीवरसुद्धा वाचली गेली असणार. पण पाटी लावल्याने मूल फोन लावतं का? हा प्रश्न पुण्याला नवा नाही, म्हणून थोडं मागे जाऊ.

'आरोग्य साक्षरता' हा शब्द आपल्याकडे अलीकडचा. इंग्रजीतही तो १९७४ मध्ये पुढे आला, आणि तोही शाळेतल्या आरोग्यशिक्षणाबद्दल बोलताना. अर्थ सोपा आहे. औषधाच्या पाकिटावरचा मजकूर, पालिकेची सूचना आणि कुटुंबाच्या ग्रुपवर आलेला काढा, यांतलं कशावर विश्वास ठेवायचा ते कळावं. आणि नाही कळलं तर न लाजता कुणाला तरी विचारता यावं. पुण्याने पहिल्या अर्ध्या भागासाठी पुष्कळ खटपट केली. दुसऱ्या भागासाठी झटणारे मात्र थोडे निघाले, आणि त्यांतल्या काहींना ते महागात पडलं.

सुरुवात प्लेगपासून करावी लागते. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला आणि त्याच्या जोरावर रँडच्या प्लेग समितीने गोऱ्या सैनिकांकरवी घरोघर झडत्या सुरू केल्या. लोक आजारी माणूस लपवू लागले. गंमत अशी, की प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो हे सिमाँ या फ्रेंच संशोधकाने दाखवलं ते पुढच्या वर्षी, १८९८ मध्ये. म्हणजे हुकूम देणाऱ्यालाही रोग कसा पसरतो ते ठाऊक नव्हतं, आणि ज्याच्या माजघरात बूट शिरले त्याला तर कुणी काही सांगायच्या भानगडीतच पडलं नाही. २२ जूनच्या रात्री राणीच्या राज्यारोहणाचा हीरकमहोत्सव आटोपून गव्हर्नरच्या बंगल्यावरून परतताना रँडवर गोळी झाडली गेली. तो बंगला म्हणजे आज विद्यापीठाची मुख्य इमारत. त्याआधी तीनच महिने, १० मार्चला, सावित्रीबाई फुले गेल्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्यांनी आपल्या दत्तकपुत्राच्या, डॉ. यशवंतरावांच्या दवाखान्यात आणलं आणि त्यातच त्यांना प्लेगची लागण झाली. २०१४ पासून विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. आरोग्य माणसांपर्यंत न्यायच्या दोन तऱ्हा, दोन्ही एकाच वर्षातल्या आणि दोन्हींचा माग त्या एकाच आवारात. विद्यापीठात शिकलेल्या किती जणांना हे माहीत असेल, देव जाणे.

पुढची काही दशकं तालमींची आणि जिमखान्यांची. पेठांमधून तालमी होत्याच. १९०६ मध्ये डेक्कन जिमखाना आला, १९२४ मध्ये कॅप्टन शिवरामपंत दामल्यांचं महाराष्ट्रीय मंडळ. निरोगी तरुण म्हणजे जोर-बैठका काढणारा, सूर्यनमस्कार मोजून घालणारा तरुण, असं समीकरण पक्कं झालं. त्यात वाईट काही नव्हतं. पण अशक्त मुलाला तिथे जागा कुठे होती? म्हणून १९३७ सालची एक गोष्ट मला आवडते. डेक्कन जिमखान्याने कॉलेजच्या मुलांना योग शिकवायला सहा महिन्यांसाठी एक शिक्षक आणला. तो जेमतेम अठरा वर्षांचा होता, लहानपणी क्षय, हिवताप, विषमज्वर सगळं भोगून उठलेला. समोरचे विद्यार्थी वयाने बरोबरीचे आणि अंगाने बहुधा त्याच्यापेक्षा दणकट. ते सहा महिने लांबत गेले आणि बी. के. एस. अय्यंगार पुण्याचेच होऊन राहिले.

शरीराच्या ताकदीबद्दल हे सगळं चाललं होतं तेव्हा त्याच शरीराविषयीच्या दुसऱ्या प्रश्नांवर शहर गप्प होतं. ती चुप्पी मोडणारा माणूस पुण्यातच शिकला होता. रघुनाथ धोंडो कर्वे न्यू इंग्लिश स्कूलचे विद्यार्थी, १९०४ मध्ये फर्ग्युसनमधून बी.ए. झाले, पुढे मुंबईत विल्सन कॉलेजात गणित शिकवू लागले. १९२१ मध्ये त्यांनी संततिनियमनाचं केंद्र काढलं. या प्रचारापायी १९२५ मध्ये नोकरी सोडावी लागली. जुलै १९२७ पासून त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक सुरू केलं आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते जवळजवळ एकहाती चालवलं.

त्या मासिकातलं मला सगळ्यांत मोलाचं वाटतं ते वाचकांच्या पत्रांचं सदर. लोक लिहून विचारत, कर्वे छापून उत्तर देत. उत्तर कोरडं, कधी तुसडं, पण सरळ. हस्तमैथुनाने अशक्तपणा येतो का, समलिंगी आकर्षण म्हणजे रोग का, असे प्रश्न. जे वडिलांना विचारणं शक्य नव्हतं आणि मास्तरांना तर नाहीच नाही. १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा दुसरा खटला झाला तो नेमका या उत्तरांवरून. त्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. लैंगिक विषयावरचं प्रत्येक लिखाण अश्लील ठरत नाही, आणि लोक विचारत असतील तर त्यांना उत्तर का मिळू नये, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. खटला ते हरले आणि कर्व्यांना दंड झाला. पुण्यात हे काम पुढे नेलं शकुंतला परांजपे यांनी. रँग्लर परांजप्यांची ही मुलगी केंब्रिजला गणित शिकून आलेली. तिने संततिनियमनाचा सल्ला आणि साधनं देण्यात उमेदीची वर्षं घातली आणि १९५८ ते १९६४ विधान परिषदेतही तोच विषय लावून धरला.

स्वातंत्र्यानंतरची तीसेक वर्षं मी भराभर ओलांडतो, कारण त्या काळात पुण्यात शिकायला आलेल्या मुलाचा पहिला आरोग्यप्रश्न दोन वेळच्या जेवणाचा होता. माधुकरी आणि वार लावून जेवणं मागे पडत चाललं होतं, डॉ. अच्युतराव आपट्यांची विद्यार्थी साहाय्यक समिती १९५५ मध्ये उभी राहिली, ती खेड्यातून आलेल्या मुलांच्या राहण्या-जेवणाची सोय करायला. मनाचं आरोग्य म्हटलं की 'येरवडा', म्हणजे तिथलं मनोरुग्णालय, हा एकच शब्द सुचायचा, तोही चेष्टेत.

त्या शब्दाचा अर्थ थोडाफार बदलला १९८६ मध्ये. तोवर गर्द, म्हणजे ब्राऊन शुगर, कॉलेजच्या मुलांपर्यंत पोचली होती. अनिल अवचटांनी गर्दवर लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले आणि मदतीला पुढे आले. २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. अनिल अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट याच रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ होत्या. व्यसन हा आजार आहे, बिघडलेल्या मुलाचा गुन्हा नव्हे, हे घराघरात ऐकू येऊ लागलं ते तेव्हापासून. शिवाय तिथे सांगायला व्यसनातून सुटलेला माणूसच असायचा. त्याला काहीही विचारता यायचं.

शाळांना मात्र हा धडा लागू पडला नाही. एड्सच्या भीतीतून केंद्राने किशोरवयीनांसाठी लैंगिक शिक्षणाचा क्रम आखला. २००७ मध्ये राज्यात त्यावर गदारोळ झाला आणि महाराष्ट्राने तो थांबवला. माझ्या स्वतःच्या शाळेत तर प्रजननाचा धडा 'घरी वाचून या' असं सांगून उरकला होता. घरी तो कुणी वाचला नाही असं समजू नका. सगळ्यांनी वाचला, फक्त प्रश्न कुणी विचारला नाही.

मग ऑगस्ट २००९. स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी पुण्यातली चौदा वर्षांची शाळकरी मुलगी ठरली. शाळा बंद झाल्या, नायडू हॉस्पिटलबाहेर रांगा लागल्या, रुमालावर निलगिरी शिंपडली जाऊ लागली. विषाणूंचा अभ्यास करणारी राष्ट्रीय संस्था १९५२ पासून याच शहरात आहे, पण त्या आठवड्यात शहर चाललं ते शेजाऱ्याच्या सल्ल्यावर. ९ मार्च २०२० ला राज्यातले पहिले कोरोना रुग्ण पुण्यातच सापडले. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले तेव्हा पाणी उकळून प्या अशी सूचना आली. कॉट बेसिसवर, म्हणजे एका खाटेपुरतं भाडं देऊन राहणाऱ्या मुलाकडे गॅस नसतो, याचा विचार ती लिहिणाऱ्याने केला होता का, कोण जाणे.

कायदा मात्र पुढे सरकला आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला गुन्हेगार न मानता तीव्र ताणाखालचा माणूस मानलं. ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी फोनसेवेचा १४४१६ हा नंबर सुरू आहे. त्यावर मराठीतही बोलता येतं.

न्यायालयाच्या सूचनांत शाळा, कॉलेजं, कोचिंग क्लास, वसतिगृहं सगळी आहेत. सदाशिव आणि नारायण पेठेतल्या अभ्यासिकांचा मात्र वेगळा उल्लेख नाही. तिथे महिन्याच्या भाड्यात खुर्ची, दिवा, चार्जिंगचा पॉइंट आणि शांतता मिळते. एमपीएससीचा चौथा प्रयत्न देणारं पोरगं सकाळी सहाला येऊन बसतं आणि रात्री अकराला उठतं. भिंतीवर एकच पाटी असते: 'येथे बोलू नये'.