कुरळ्या केसांचं वळण ठरतं कुठे?

'जरा नीट विंचरून ये' हे कुरळ्या केसांच्या मुलीला लहानपणापासून ऐकावं लागतं. ती कोरड्या केसांतून बारीक दातांचा कंगवा फिरवते, केस आणखी फुगतात, मग तेल चोपडून घट्ट वेणी घातली जाते. यात तिचं काही चुकत नाही. सरळ केसांची निगा कुरळ्या केसांवर लादली जाते, खरं दुखणं तेच आहे.

केसाचा आकार त्वचेच्या आतच ठरतो. सरळ केसाचा रोमकूप, म्हणजे त्वचेतलं केस उगवण्याचं छिद्र, सरळ असतो, कुरळ्याचा बाकदार. त्याच्या तळाशी पेशींची वाढ सगळीकडे सारखी होत नाही, म्हणून केस वळतच बाहेर येतो. त्याचा आडवा छेदही गोल नसून लंबगोल, चपटा असतो. हे सगळं बहुतांशी आनुवंशिक आहे आणि त्यात अनेक जनुकांचा हात असतो. टक्कल केल्याने रोमकूप बदलत नाही, त्यामुळे केसांची जातही बदलत नाही. वयात येताना किंवा केमोथेरपीनंतर मात्र ती बदललेली दिसू शकते.

या वळणाचा उपयोगही आहे. मानवशास्त्रज्ञ टीना लसिसी आणि नीना जाब्लोन्स्की यांच्या गटाने 2023 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. शरीरासारखी उष्णता देणाऱ्या पुतळ्याला वेगवेगळ्या केसांचे टोप घालून त्यावर दिव्यांनी उन्हासारखा प्रकाश टाकला. डोक्याला उन्हापासून सर्वांत जास्त संरक्षण मिळालं ते घट्ट कुरळ्या केसांच्या टोपाने. माणसाचा मेंदू मोठा होत गेला तो आफ्रिकेच्या कडक उन्हात, हे लक्षात घेतलं की या केसांकडे बघण्याची नजरच बदलते.

आता पाण्याकडे वळू. केस केराटिन या प्रथिनाचे असतात. त्यातले गंधकाचे बंध मजबूत, तर हायड्रोजनचे बंध कमजोर. पाणी लागलं की हायड्रोजनचे बंध सुटतात आणि केस वाळताना ज्या स्थितीत असेल त्या स्थितीत पुन्हा जुळतात. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत इस्त्री केलेले केस तासाभरात फुगतात ते यामुळेच. म्हणून कुरळ्या केसांचं भवितव्य ओले ते कोरडे या मधल्या वेळात ठरतं, आणि तेव्हाच आपण टॉवेलने खसाखसा पुसत असतो!

गुंता काढायचा तो न्हाणीघरातच, केसांना कंडिशनर असताना. बोटांनी किंवा रुंद दातांच्या फणीने टोकांपासून सुरुवात करून वर जायचं. नंतर जुन्या सुती टी-शर्टने दाबून पाणी टिपायचं आणि पूर्ण वाळेपर्यंत हात लावायचा नाही. वळण धरून ठेवायला घरचं जवसाचं जेल उत्तम. दोन चमचे जवस दोन कप पाण्यात मंद आचेवर ढवळत ठेवा. पाणी अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखं तार धरू लागलं की गरम असतानाच गाळा. गार झालं की ते गाळणीतून उतरतच नाही. जवसातला चिकट पदार्थ केसावर पातळ पापुद्रा धरतो आणि वळणाची लड एकत्र राहते.

टाळूचं नैसर्गिक तेल वळणावळणाने टोकापर्यंत पोहोचत नाही, म्हणून कुरळे केस टोकांना राठ होतात. इथे आपलं खोबरेल कामाला येतं. मुंबईतल्या संशोधक रेळे आणि मोहिले यांनी 2003 मध्ये दाखवलं की धुण्याआधी किंवा नंतर खोबरेल लावल्यास केसांतलं प्रथिन कमी झडतं. सूर्यफूल तेल किंवा खनिज तेल यांनी तसं झालं नाही. खोबरेलातल्या लॉरिक आम्लाचा रेणू लहान आणि सरळ असल्याने तो केसाच्या आत शिरतो. धुण्याआधी तासभर टोकांना लावलं तरी पुरे.

पार्लरमधल्या कायमच्या स्ट्रेटनिंगबद्दल माझं मत स्पष्ट आहे: करू नका. त्यात गंधकाचे बंधच तोडले जातात. सरळ करण्याच्या काही 'केराटिन' उपचारांत तापवल्यावर फॉर्माल्डिहाइड वायू सुटतो, आणि तो कर्करोगकारक आहे. ज्यांनी आधीच केलं आहे त्यांनी खचून जाऊ नये. रोमकूप तसाच असतो, नवे केस महिन्याला साधारण 1 सेंमी वाढतात आणि कुरळेच येतात. जुना सरळ आणि नवा कुरळा भाग जिथे मिळतात तिथे केस पटकन तुटतो, त्यामुळे तो भाग विंचरताना जपावं आणि सरळ टोकं दर दोन-तीन महिन्यांनी थोडी थोडी कापत जावीत.