धोरण बदलायला वकील किंवा आमदारच लागतो?

ज्येष्ठांसोबत काम करणाऱ्या नव्या समाजकार्यकर्त्यांना हमखास ऐकवलं जातं : 'तुम्ही केस सांभाळा, धोरण हा राजकारणाचा विषय.' हे खरं नाही.

२००७चा आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायदाच बघा. मुलांकडून महिन्याचा निर्वाहभत्ता मिळावा म्हणून ज्येष्ठाला स्वतः अर्ज करणं जमत नसेल, तर त्याने अधिकार दिलेली व्यक्ती किंवा संस्था तो करू शकते. म्हणजे कायद्यानेच आपल्याला दार उघडून दिलंय.

आता खरी शिकण्याची गोष्ट : अडचण कुठल्या पातळीवरची आहे ते ओळखणं. नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल अपेक्षित आहे, अपवाद म्हणून आणखी ३० दिवस. तरीही अर्ज रखडत असतील तर प्रांत (उपविभागीय अधिकारी) कार्यालय आणि जिल्हाधिकारी गाठायचे. रखडलेल्या अर्जांच्या तारखांचा तक्ता हाच पुरावा. पण निर्वाहभत्त्याची महिना १०,००० रुपयांची कमाल मर्यादा मूळ कायद्यातच लिहिलेली आहे. तिथे जिल्हाधिकारी काही करू शकत नाही, अगदी राज्य सरकारसुद्धा आपल्या नियमांतून ती ओलांडू शकत नाही; संसदेचा हा कायदाच बदलावा लागतो. ही मर्यादा काढणारं विधेयक २०१९मध्ये लोकसभेत आलं होतं. अशी विधेयकं संसदीय समितीकडे गेली की समिती बहुधा जनतेकडून निवेदनं मागवते. (मोर्चा कलेक्टर कचेरीवर नेऊन संसदेचं काम मागणारे बरेच भेटतात.)

आणि राजकारणाचं म्हणाल, तर सामाजिक कार्यकर्ते बाबा आढाव आणि अरुणा रॉय यांनी 'पेन्शन परिषद' या मंचातून सार्वत्रिक वृद्धापकाळ पेन्शनची मागणी लावून धरली, तीही आमदार-खासदार नसताना.