जुनी मज्जारज्जू इजा : मज्जातंतू पुनर्वाढीच्या औषधाची चाचणी

मणक्याला मार लागून वर्ष उलटलेल्या रुग्णांमध्ये तुटलेले मज्जातंतू पुन्हा वाढू देणारे औषध तपासण्याची पद्धत. कोल्हापूर भागात नारळावरून पडणे, उसाची ट्रॉली उलटणे, महामार्गावरचे दुचाकीचे अपघात ही अशा इजांची ओळखीची कारणे. आपोआप होणारी सुधारणा मुख्यतः पहिल्या सहा महिन्यांत होते, म्हणून वर्षाची अट. त्यानंतर आलेली ताकदसुद्धा प्लासिबो (औषध नसलेले, तसेच दिसणारे इंजेक्शन) घेणाऱ्या गटाशी ताडूनच औषधाच्या खाती धरतात.

इजेच्या जागी व्रण धरतो. त्यातील कॉन्ड्रॉइटिन सल्फेट प्रोटिओग्लायकन हे साखर-प्रथिनाचे रेणू वाढत्या तंतूच्या टोकावरील पीटीपी-सिग्मा या ग्राहक प्रथिनाला (रिसेप्टरला) चिकटतात आणि टोक तिथेच अडकते. अमेरिकेतील मज्जातंतू-संशोधक जेरी सिल्व्हर यांच्या गटाने ही पकड सोडवणारे पेप्टाइड (प्रथिनाचा छोटा तुकडा) आधी उंदरांवर तपासले. त्यावर आधारलेल्या एनव्हीजी-२९१ या औषधाची शिकागोत चाचणी झाली : मानेत १ ते १० वर्षे जुनी, अपुरी (मज्जारज्जूचे काम पूर्ण न थांबलेली) इजा असलेले २० जण; १२ आठवडे रोज कातडीखाली इंजेक्शन. जून २०२५मध्ये जाहीर झालेल्या निकालात मेंदूकडून हाताच्या स्नायूत पोचणारा संकेत प्लासिबोपेक्षा ठळक वाढला, पायाचा नाही. ‘रुग्ण चालू लागले’ ही बातमी या आकड्यांतून निघत नाही.

या संकेताचे मोजमाप नाजूक असते. टाळूवर चुंबकीय कॉइल धरून झटका देतात. अंगठा व तर्जनीच्या बेचक्यातील स्नायूवर इलेक्ट्रोड चिकटवून उमटलेल्या लाटेची उंची घेतात. कॉइल काही मिलिमीटर सरकली, किंवा रुग्णाने बोट जरा ताणून धरले, तरी लाट बदलते. एकाच जागी दिलेल्या झटक्यांतही ती कमीजास्त होते, म्हणून अनेक झटक्यांची सरासरी. फिट येणाऱ्यांना किंवा कवटीत धातू असणाऱ्यांना वगळतात.

आकडे बहुतेकदा बिघडतात ते औषधाबाहेरच्या गोष्टींनी. मध्येच बॅक्लोफेनचा (ताठरपणा कमी करणाऱ्या औषधाचा) डोस बदलला, लघवीत जंतुसंसर्ग झाला, बैठकीवर जखम झाली की पायांचा ताठरपणा बदलतो. फिजिओथेरपीचे तास वाढले तर श्रेय कुणाचे, हेच कळत नाही. आजरा किंवा गगनबावड्याहून जीपने हादरत आलेल्याला लगेच तपासू नये. विश्रांतीनंतर, दर वेळी त्याच वेळेला तपासावे. सहाव्या पाठमणक्याशी किंवा त्याच्या वर इजा असेल आणि कॅथेटर (लघवीची नळी) तुंबला, तर रक्तदाब एकाएकी चढतो, डोके ठणकते. तपासणी थांबवून रुग्णाला ताठ बसवायचे, आधी नळी पाहायची.

भारतात अशा चाचणीला औषध नियंत्रकांची परवानगी, नीतिसमितीची मंजुरी आणि २००९पासून भारतीय चाचणी नोंदवहीतील नोंद लागते. २०१९च्या नियमांनुसार चाचणीमुळे इजा झाल्यास उपचार व भरपाई प्रायोजकाकडे. औषधाचे पैसे रुग्णाकडे मागणारा ‘प्रयोग’ संशयास्पद समजावा. मणक्याच्या इजेसाठी पैसे घेऊन दिली जाणारी स्टेम सेल (मूळपेशी) इंजेक्शने आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांत बसत नाहीत.