शेंगदाण्याची काडी आणि आगंतुक मुंग्या

हवाई बेटांवरील अनेक रहिवासी आइस्क्रीमच्या काडीला शेंगदाण्याच्या लोण्याचा पातळ थर लावतात, ती कुंडीत किंवा झाडाच्या बुंध्याशी ठेवतात आणि तासाभराने मुंग्यांसकट पिशवीत बंद करून फ्रीझरमध्ये टाकतात. नंतर त्या मेलेल्या मुंग्या ओळख पटवण्यासाठी तज्ज्ञांकडे जातात. शोध असतो तो छोट्या अग्निमुंगीचा. जेमतेम दीड मिलिमीटर लांबीची ही तांबूस मुंगी मूळची मध्य व दक्षिण अमेरिकेतली असून हवाईत ती १९९९ साली प्रथम आढळली. ती झाडांवरही वस्ती करते, त्यामुळे फांदी हलली की अंगावर गळून मानेला दंश करते.

एवढा खटाटोप कशासाठी, याचे उत्तर २००१ या एका वर्षात मिळते. त्या वर्षी तिची मोठी भावंडे, म्हणजे लाल अग्निमुंग्या, न्यूझीलंडच्या ऑकलंड विमानतळावर आणि ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेनमध्ये सापडल्या. ऑकलंडमध्ये एकच वारूळ होते, ते नष्ट करता आले. ब्रिस्बेनमध्ये मात्र त्या लक्षात येईपर्यंत उपनगरांत पसरल्या होत्या, आणि दोन दशके उलटूनही तो झगडा संपलेला नाही. प्रत्येकाच्या परसात सरकारी निरीक्षक पोहोचू शकत नाही; तेथे घरातल्या माणसाचीच नजर हवी.

पुण्याला हे परके नाही. आपल्याकडे दंशाने आग आग करणारी एक लाल मुंगीही मूळची अमेरिकेचीच, पण ती इतकी रुळली आहे की तिला आपण घरचीच समजतो. मुंग्या कुंडीतल्या मातीबरोबर प्रवास करतात, आणि पावसाळ्याच्या तोंडावर नर्सऱ्यांमधून किती कुंड्या घरोघरी जातात, हे पुणेकराला सांगायला नको.

गेल्या जूनमध्ये नव्या जास्वंदीच्या कुंडीत मी शेंगदाण्याचे कूट तेलात कालवून काडीवर ठेवले. थोड्या वेळाने एक मुंगी आली, काडीभोवती फिरली आणि परतली. तिने मागे सोडलेल्या गंधावरून पाठोपाठ रांग लागली. भिंगाखाली पाहिले, तर त्या नेहमीच्या काळ्या मुंग्या निघाल्या. अशी नोंदही तारीख आणि ठिकाणासह जपून ठेवावी, कारण उद्या तेथे वेगळी मुंगी दिसली, तर ती केव्हा आली असावी याचा अंदाज त्यावरूनच बांधता येतो. वेताळ टेकडीवर आणि तळजाईवर पक्षी व झाडे टिपणाऱ्यांनी मुंग्याही टिपाव्यात, असे मला मनापासून वाटते.

फक्त ओळख पटण्याआधी फवारणी करू नये. त्यात स्थानिक मुंग्याही मरतात आणि आगंतुकांना जागा मोकळी मिळते. फोटो बाजूने काढावा, कंबरेच्या गाठी मोजता येतील इतक्या जवळून, आणि मापासाठी शेजारी एक रुपयाचे नाणे ठेवावे.