हेलियमकडे सुट्टे मिळतील

रात्री इंदूरचा सराफा रंगात आल्यावर भुट्ट्याच्या कीसाच्या एका प्लेटसाठी पाचशेची नोट काढली, की पलीकडून हमखास ऐकू येतं, "भिया, खुल्ले दो ना." दीर्घिकांच्या दरम्यानच्या विरळ वायूत हेलियम मात्र कुरकुर न करता सुट्टे देत बसलेला असतो.

तिथली नोट म्हणजे अतिनील फोटॉन, प्रकाशाचा कण. तारे आणि क्वेसार (दूरच्या दीर्घिकांची अतितेजस्वी केंद्रं) यांतून निसटलेल्या अशा फोटॉनांनी सगळं विश्व मंदपणे भरलंय. हीच अतिनील पार्श्वभूमी. हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन सोडवायला 13.6 इलेक्ट्रॉनव्होल्ट (हे ऊर्जेचं माप) पुरतात. हेलियमचा पहिला 24.6 ला सुटतो. दुसरा हट्टी: 54.4, म्हणजे हायड्रोजनच्या चौपट. एवढी मोठी नोट ताऱ्यांच्या खिशात सहसा नसते, क्वेसारकडे असते. त्यामुळे हायड्रोजनचं आयनीभवन, म्हणजे इलेक्ट्रॉन सुटणं, विश्व अब्जभर वर्षांचं असताना उरकलं, तरी हेलियमला क्वेसार पुरेसे वाढेपर्यंत आणखी अब्जभर वर्षं थांबावं लागलं.

बरं, सुटलेला हा दुसरा इलेक्ट्रॉन लवकरच परत पकडला जातो, कारण केंद्रकावर दुप्पट प्रभार. परतताना बहुतेकदा 40.8 चा फोटॉन बाहेर पडतो. हे झाले सुट्टे: हेलियमचा दुसरा इलेक्ट्रॉन सोडवायला अपुरे, हायड्रोजनला चिक्कार.

संख्येने हेलियम बारा हायड्रोजनमागे एक. तरीही शेवटचा इलेक्ट्रॉन धरून बसलेला हेलियम तटस्थ हायड्रोजनच्या कित्येक पट सापडतो, म्हणून 54.4 च्या वर पार्श्वभूमी एकदम खचते. या हेलियमची 304 अँगस्ट्रॉमची रेषा, म्हणजे तो शोषतो ती ठरलेली तरंगलांबी, विश्वाच्या प्रसरणाने चौपट ताणली गेली तरी अतिनीलच राहते आणि पृथ्वीचं वातावरण ती अडवतं. तिची सावली 1994 मध्ये अवकाशातल्या हबल दुर्बिणीनेच एका दूरच्या क्वेसारच्या प्रकाशात पहिल्यांदा दाखवली.

54.4 च्या खालीही सुटका नाही. विश्व प्रसरण पावतं तशी फोटॉनची ऊर्जा घटते आणि उतरता उतरता तो 51, 48.4 अशा हेलियमच्या ठरलेल्या रेषांवर अडकतो. पार्श्वभूमीच्या आलेखात करवतीसारखे दाते पडतात. माडाऊ आणि हार्ट या खगोलशास्त्रज्ञांनी ते 2009 मध्ये मांडले.

एवढ्या बारकाव्याचं काय करायचं? कार्बनचा तिसरा इलेक्ट्रॉन 47.9 ला सुटतो, नेमका या दात्यांच्या पट्ट्यात. दीर्घिकांभोवती कार्बन किती, हे अशा इलेक्ट्रॉन गमावलेल्या अणूंवरूनच, म्हणजे आयनांवरूनच ठरतं. दाते विसरलात तर कार्बनचा आकडा चुकतो. विक्रम खैरे आणि पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेतले आर. श्रीआनंद यांनी 2019 मध्ये पार्श्वभूमीचं जे नवं गणित मांडलं, तेही अशाच हिशेबांसाठी वापरतात.