पाठांतर वेगळं, वरवरचा अभ्यास वेगळा

प्राध्यापकांची कार्यशाळा असो, पालकसभा असो की व्हायवा (तोंडी परीक्षा) संपल्यावरचा चहा, एक वाक्य हमखास कानावर पडतं : ‘मुलं नुसतं पाठ करतात हो, म्हणून कन्सेप्ट कच्चे राहतात.’ कन्सेप्ट कच्चे राहतात हे कबूल. पण त्याचं खापर पाठांतरावर फोडणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

पाठांतर म्हणजे काय ते सांगत बसत नाही. पाढे आणि परवचा म्हणत वाढलेल्यांना ते कुणी शिकवायला नको. लक्षात ठेवायची ती एक रीत आहे, बस. वरवरचा अभ्यास मात्र रीत नव्हे. तो हेतूचा मामला आहे, आणि सगळी गल्लत इथेच होते.

वरवरच्या अभ्यासाची ही कल्पना आली स्वीडनमधून. गोथेनबर्ग विद्यापीठातल्या फेरेन्स मार्टन आणि रॉजर सेल्यो यांनी विद्यार्थ्यांना एक लेख वाचायला दिला आणि नंतर त्यावर प्रश्न विचारले जातील असं आधीच सांगून ठेवलं. १९७६ साली त्यांनी हे काम प्रसिद्ध केलं. गंमत म्हणजे लेखाचा विषयही विद्यापीठांच्या निकालांचाच होता : वेगवेगळ्या गटांच्या उत्तीर्णतेत फरक आहे, तेव्हा सरसकट सगळ्यांसाठी सुधारणा न करता जे गट मागे आहेत त्यांच्यापुरतेच उपाय करा. काहींनी हे नेमकं सांगितलं. काहींना ‘काहीतरी उपाय करायला हवेत’ एवढंच उरलं होतं. आणि काही जण ‘गटागटांत फरक आहे’ इथेच थांबले. मग ‘वाचताना तुम्ही काय करत होतात?’ असं विचारलं, तेव्हा उलगडा झाला. मागे पडलेले विद्यार्थी, पुढे प्रश्न येणार म्हणून, वाक्यं धरून ठेवायच्या खटपटीत होते. बाकीचे लेखकाला म्हणायचंय काय ते शोधत होते. पहिला तो वरवरचा अभ्यास, दुसरा सखोल. फरक लक्ष कशावर होतं याचा आहे. पाठ केलं की नाही, याचा नाही.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. इंजिनीअरिंगच्या फ्लुइड मेकॅनिक्सच्या पेपरला ‘गृहीतकं लिहून बर्नुलीचं समीकरण सिद्ध करा’ हा प्रश्न आयएमपी, म्हणजे महत्त्वाचा, म्हणून पिढ्यानपिढ्या चालत आलाय. वाहत्या द्रवाचा दाब, वेग आणि उंची यांचं नातं सांगणारं हे समीकरण. पीएलमध्ये, म्हणजे परीक्षेआधीच्या सुट्टीत, होस्टेलच्या एकाच खोलीत दोन मुली तेच डेरिव्हेशन मोठ्यानं म्हणतायत. प्रवाह स्थिर, द्रव असंपीड्य (दाबला तरी न आकसणारा), घर्षण नाही, वाटेत बाहेरून ऊर्जा मिळत नाही. बाहेरून ऐकणाऱ्याला दोघींत काडीचा फरक कळणार नाही. पण एकीसाठी ही चार गुणांची यादी आहे, एक मुद्दा सुटला तर एक गुण गेला. दुसरी प्रत्येक गृहीतकाशी अडते : घर्षण नाही असं का धरलं? बर्नुलीचं समीकरण ज्यातून निघतं त्या ऑयलरच्या समीकरणात कुठली संज्ञा त्यामुळे गळाली? आता विचारा, पंपाच्या आधीचा एक बिंदू आणि नंतरचा एक बिंदू घेऊन हेच समीकरण जसंच्या तसं लावू का? पहिली आकडे घालून मोकळी होईल. दुसरी थांबेल, कारण मधे पंपानं ऊर्जा घातली आहे आणि चौथं गृहीतक मोडलं आहे. ती थांबली कशाच्या जोरावर? ते गृहीतक तिला तोंडपाठ होतं म्हणून!

हाँगकाँग आणि चीनमधल्या विद्यार्थ्यांबाबत संशोधकांना हाच पेच पडला होता. पाश्चात्त्य प्राध्यापक म्हणायचे, ही मुलं घोकतात. प्रश्नावल्यांमध्ये मात्र सखोल अभ्यासाकडचा त्यांचा कल चांगला निघे आणि निकालही उत्तम लागे. नव्वदच्या दशकातल्या मुलाखतींतून कळलं की त्यांच्यापैकी बऱ्याच जणांसाठी पुन्हापुन्हा म्हणणं हाच समजून घ्यायचा मार्ग होता. दर आवृत्तीला अर्थ थोडा अधिक उलगडायचा. आपल्याकडे शास्त्रीय संगीत शिकणाऱ्या कुणालाही यात नवल वाटणार नाही.

मग यशाचं काय? इथे सखोल अभ्यासाच्या भक्तांनी जरा दमानं घ्यावं. २०१२ साली रिचर्डसन, एब्रहम आणि बाँड यांनी अनेक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र केले. विद्यापीठातल्या गुणांशी सखोल पद्धतीचा सहसंबंध (० म्हणजे काहीच नातं नाही, १ म्हणजे पुरता मेळ) निघाला ०.१४, वरवरच्या पद्धतीचा उणे ०.१८. दोन्ही किरकोळच. तिघांत पुढे निघाला तो डावपेची अभ्यास, ०.२३ : वेळापत्रक, गुण कुठे मिळतात यावर नजर, नेटाचं काम. बऱ्याच पेपरांत मूळ कल्पना विचारतच नाहीत, ‘टिपा लिहा’ म्हणतात. मागची पाच वर्षं सोडवलेला विद्यार्थी तिथे फर्स्ट क्लास घेऊन जातो, तर दोष त्याचा कसा?

‘ती डीप लर्नर आहे’ असं म्हणणंही सोडा. तीच मुलगी स्ट्रक्चर्समध्ये खोल शिरते आणि पर्यावरणाच्या सक्तीच्या पेपरला आदल्या रात्री नाईट मारते. आणि ‘मी व्हिज्युअल लर्नर आहे’, म्हणजे मला चित्रं पाहूनच समजतं, हे तर तिसरंच प्रकरण. अशा शिकण्याच्या शैलीनुसार शिकवल्यानं जास्त समजतं याला पुरेसा पुरावा नाही, असं २००८ च्या एका नावाजलेल्या आढाव्यानं सांगून टाकलंय. त्यात वेळ घालवू नये.

राहिला पेपर बदलायचा मुद्दा. तोही वाटतो तितका सोपा नाही. मार्टन आणि सेल्यो यांनी पुढच्या प्रयोगात वाचतानाच प्रश्न पेरून पाहिले. तपशिलाचे प्रश्न विचारले की विद्यार्थी वरवर वाचू लागले, हे अपेक्षितच होतं. पण आशयाचे प्रश्न विचारले, तेव्हाही काहींनी उत्तराचा साचा ओळखला आणि तेवढाच भरून दिला. ‘अप्लिकेशन बेस्ड’ प्रश्नांच्याही गाईड निघतात त्या अशाच.

म्हणून माझी पसंती व्हायवाला, तीही जर्नल तपासून सही ठोकायच्या व्हायवाला नव्हे. गृहीतकं खुशाल तोंडपाठ म्हणायला लावावीत, आणि मग त्यातलं एक काढून घेऊन विचारावं, आता समीकरणात काय बदलेल ते फळ्यावर लिहा.